बाँडमधला माल आणि नव्वदावा दिवस

मा. संपादक,

स. न. वि. वि.

न्हावा शेवा बंदराच्या बातम्यांत बाँडेड गोदामांचा, म्हणजे आयात माल ड्युटी भरण्याआधी ठेवायच्या परवानाधारक गोदामांचा, विषय निघाला की बहुतेक वेळा 'शुल्कमुक्त साठवणूक' असा शब्द छापून येतो. तो चुकीचा आहे, आणि त्याच्या भरवशावर माल उतरवून घेणाऱ्याला महागात पडतो. बाँडमध्ये ठेवलेल्या मालाची ड्युटी माफ होत नाही, ती उधार राहते. उधारी म्हटली की मुदत आली, व्याज आलं, लिहून दिलेला कागद आला. मुदत संपली की धनको दारात उभा. इथे धनको सरकार आहे, एवढंच.

मोठ्या कंपन्यांकडे हे हिशेब ठेवायला माणसं असतात. वर्षाला चार-पाच कंटेनर आणणाऱ्या भिवंडीच्या किंवा पुण्याच्या व्यापाऱ्याकडे नसतात. तो सीएचए (आमच्यासारखा सीमाशुल्क दलाल) सांगेल तिथे सही करतो आणि गोदामाचं भाडं तेवढं लक्षात ठेवतो. भाड्याने सहसा कोणी बुडत नाही, तारखांनी बुडतो. म्हणून हे पत्र मुख्यतः तारखांबद्दल आहे.

आधी थोडक्यात व्यवस्था. सीमाशुल्क कायदा १९६२ चा, त्यातलं नववं प्रकरण गोदामांचं. बाहेरून आलेला माल लगेच बाजारात न्यायचा असेल तर 'होम कन्झम्प्शन'चं बिल ऑफ एन्ट्री (कस्टम्सला द्यायचं आयातीचं नोंदपत्र) भरायचं, ड्युटी भरायची, माल सोडवायचा. लगेच नको असेल तर 'वेअरहाउसिंग'चं बिल भरायचं. धंद्यात त्याला इन-बाँड बिल म्हणतात. त्यावर ड्युटी आकारली जाते, पण भरायची नसते. त्याऐवजी कलम ५९ खाली आकारलेल्या ड्युटीच्या तिप्पट रकमेचा बाँड, म्हणजे हमीपत्र, लिहून द्यावा लागतो. हा पूर्वी दुप्पट होता, २०१६ साली तिप्पट झाला. गोदामवाल्याकडून जागा असल्याचं पत्र घ्यायचं, बिलात त्या गोदामाचा कोड घालायचा, मग कलम ६० खाली माल गोदामात नेण्याची परवानगी निघते. पुढे माल लागेल तसा, थोडा थोडा किंवा एकदम, एक्स-बाँड बिल भरून आणि तेवढ्याची ड्युटी भरून बाहेर काढायचा.

गोदामं तीन जातींची. कलम ५७ खालचं सार्वजनिक, तिथे कुणाचाही माल. कलम ५८ खालचं खासगी, तिथे परवानाधारकाचा स्वतःचा. आणि कलम ५८ अ खालचं विशेष: सोनं-चांदी, विमानतळावरच्या ड्युटी फ्री दुकानांचा माल, जहाज-विमानांचा शिधा. विशेष गोदामावर आजही कस्टम्सचं कुलूप असतं. बाकी दोन्हींवर पूर्वी दोन कुलपं असत, एक मालकाचं आणि एक कस्टम्सचं. साहेब आले तर दार उघडायचं, नाहीतर ट्रक बाहेर उभा. १४ मे २०१६ च्या नियमांनी ते कुलूप गेलं आणि सगळी भिस्त नोंदींवर आली. सोय मोठी झाली. पण कुलूप होतं तेव्हा मालाच्या तारखांकडे आणखी एक डोळा असायचा, तोही गेला. आता नोंद चुकली की ती तपासणी होईपर्यंत तशीच राहते.

पहिली चूक घड्याळ कधी सुरू होतं, इथेच होते. साध्या व्यापारी मालाला दोन मुदती आहेत: बिनव्याजी ९० दिवस, आणि एकूण १ वर्ष. दोन्ही मोजायच्या त्या कलम ६०(१) ची परवानगी निघाली त्या तारखेपासून. माल गोदामात लागला ती तारीख इथे कामाची नाही, भाड्याच्या पहिल्या बिलाची तर नाहीच. परवानगी निघाली आणि ट्रेलर मिळेना म्हणून कंटेनर सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर ठेवायच्या आवारात) बारा दिवस पडून राहिला, तर ते बारा दिवस नव्वदातून वजा झाले. वर सीएफएसचं ग्राउंड रेंट आणि शिपिंग लाइनचं डिटेन्शन (कंटेनर वेळेत परत न केल्याचा आकार) आहेच. व्यापाऱ्याच्या डायरीत मात्र माल रॅकवर चढल्याची तारीख लिहिलेली असते, आणि तो तिथून नव्वद मोजतो.

दिवाळीचा माल घ्या. विजेच्या माळा, शोभेच्या वस्तू जूनमध्ये उतरवून बाँडमध्ये टाकायच्या आणि मागणी निघाली की काढायच्या, हा हिशेब वरवर शहाणपणाचा वाटतो. परवानगी ३ जूनला निघाली तर १ सप्टेंबरला नव्वद दिवस पुरे होतात. तेव्हा गणपतीची धामधूम असते किंवा ती तोंडावर आलेली असते, आणि दिवाळीची घाऊक खरेदी अजून रंगात यायची असते. म्हणजे मालाला गिऱ्हाईक लागायच्या ऐन वेळी व्याज सुरू.

ते व्याज कसं चढतं ते आकड्यात सांगतो. समजा मालाचं आकारणीचं मूल्य ५० लाख रुपये, मूळ सीमाशुल्क १० टक्के. त्यावर समाजकल्याण अधिभार मूळ शुल्काच्या १० टक्के, म्हणजे दोन्ही मिळून ११ टक्के: ५ लाख ५० हजार. आता ५५ लाख ५० हजारांवर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी): ९ लाख ९९ हजार. एकूण ड्युटी १५ लाख ४९ हजार. बाँड त्याच्या तिप्पट, ४६ लाख ४७ हजारांचा. कलम ६१(२) प्रमाणे नव्वद दिवसांनंतर व्याज लागतं. दर कलम ४७ चा, सध्या वर्षाला १५ टक्के. दिवसाला साधारण ६३७ रुपये. दीडशेव्या दिवशी माल काढला तर साठ दिवसांचे ३८ हजारांच्या वर. वर्षाच्या शेवटच्या दिवशी काढला तर पावणेतीनशे दिवसांचे १ लाख ७५ हजार.

यातली खोच बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. व्याज फक्त मूळ शुल्कावर लागत नाही, आयजीएसटी धरून सगळ्या ड्युटीवर लागतं. वरच्या उदाहरणात एकूण ड्युटीतला जवळजवळ दोन-तृतीयांश भाग आयजीएसटीचा आहे. तो भरला की जीएसटीत क्रेडिट मिळतं. त्यावरच्या व्याजाचं मिळत नाही. म्हणजे जे पैसे आज ना उद्या परत यायचे होते, ते भरायला उशीर केला म्हणून न परतणारा खर्च अंगावर घ्यायचा. आणि क्रेडिट मिळतं ते एक्स-बाँड बिलावर. इन-बाँड बिल अकाउंटंटकडे पाठवून 'क्रेडिट का दिसत नाही' असं विचारण्यात अर्थ नाही.

मग बाँड परवडतो कधी? याच उदाहरणात बँकेचं कॅश क्रेडिट ११ टक्क्यांनी मिळत असेल, तर १५ लाख ४९ हजार रुपये नव्वद दिवस न गुंतल्याने वाचतात सुमारे ४२ हजार. त्यातून गोदामाचं भाडं, जादा वाहतूक, दुसऱ्यांदा होणारी चढ-उतार, माथाडी, विमा आणि दोन बिलांचं काम हे सगळं निघालं पाहिजे. एक-दोन कंटेनरच्या मालाला हे गणित बऱ्याचदा जेमतेम बसतं. नव्वद दिवसांनंतर तर सरळ उलटं होतं: बँकेचे ११ टक्के वाचवायला सरकारला १५ टक्के द्यायचे. एक्क्याण्णव्या दिवशी बँकेतून पैसे काढून ड्युटी भरणं स्वस्त, हे कागदावर कुणालाही दिसतं. पण नव्वदावा दिवस कुठला, तेच माहीत नसतं.

बाँड खरोखर कामाचा आहे तो वेगळ्या ठिकाणी. मोठा साठा एकदम मागवून महिन्याला थोडा थोडा विकणाऱ्याला. आणलेला माल पुन्हा परदेशी पाठवायची शक्यता असलेल्याला, कारण कलम ६९ खाली बाँडमधून थेट निर्यात केली तर आयात ड्युटी द्यावीच लागत नाही. आणि कारखानदाराला: कलम ६५ खाली परवानगी घेऊन बाँडमध्येच उत्पादन करायचं, ज्याची नियमावली २०१९ साली आली, तर यंत्रसामग्रीला आणि कच्च्या मालाला वर्षाची मुदतही नाही आणि नव्वद दिवसांनंतरचं व्याजही नाही. चाकण-रांजणगावच्या निर्यातदारांसाठी तो स्वतंत्र विषय आहे. साध्या व्यापाऱ्याने त्यातल्या सवलती आपल्याला लागू समजू नयेत.

आता दुसरी तारीख, दराची. कलम १५ सांगतं की बाँडमधल्या मालाला ड्युटीचा दर लागतो तो एक्स-बाँड बिल सादर केलं त्या दिवशीचा. कलम १४ सांगतं की मालाची परकी चलनातली किंमत रुपयांत करायची ती मूळ, म्हणजे इन-बाँड बिलाच्या दिवशीच्या विनिमय दराने. एकाच मालाला दोन तारखा. डॉलर मधल्या काळात तीन रुपयांनी चढला तरी ड्युटीचा हिशेब जुन्याच डॉलरने. पण शुल्काचा दर वाढला तर तो नवा. मधल्या काळात अँटी-डम्पिंग शुल्क (फार स्वस्तात ओतल्या जाणाऱ्या परदेशी मालावरचं जादा शुल्क) बसलं, तर तेही द्यावं लागतं. 'आम्ही आणला तेव्हा नव्हतं' हे उत्तर चालत नाही.

खाद्यतेलाच्या व्यापाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरची एकूण आयात ड्युटी ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर गेली. टाकीतलं तेल तेच, परदेशी विक्रेत्याला दिलेली किंमत तीच. आदल्या दिवशी एक्स-बाँड भरलेल्याला ५.५, दुसऱ्या दिवशी भरणाऱ्याला २७.५. मे २०२५ अखेर उलटं झालं. दर १६.५ वर आला आणि ज्याचं तेल तेव्हाही बाँडमध्ये होतं त्याचं फावलं. बाँडमध्ये माल ठेवणं म्हणजे दराच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी उघडं राहणं. ज्या मालाचा दर सरकार वरचेवर हलवतं तो बाँडमध्ये ठेवणारा साठवणुकीबरोबर सट्टाही करत असतो, मग त्याला ते माहीत असो वा नसो.

हा दर कुठल्या क्षणाला लागू होतो, यावरही सर्वोच्च न्यायालयात वाद झाला. पुलवामानंतर १६ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लावणारी अधिसूचना ई-राजपत्रावर चढली ती रात्री ८ वाजून ४६ मिनिटं ५८ सेकंदांनी. त्याच दिवशी, पण त्याआधी बिलं सादर केलेल्यांना २०० टक्के लागू नाहीत, असा निकाल २०२० साली लागला. तेव्हा दर वाढायची कुणकुण असताना 'बिल उद्या टाकू' म्हणणाऱ्याने घड्याळाकडे एकदा बघावं.

गोदामाच्या दारात होणाऱ्या चुका छोट्या दिसतात आणि पुढे मोठ्या होतात. माल बंदरातून गोदामाकडे निघतो तो एकदाच वापरायच्या कुलपाखाली, ज्याला आपण ओटीएल म्हणतो. गोदामवाल्याचं पहिलं काम माल उतरवणं नाही, त्या कुलपाचा क्रमांक कागदाशी ताडून बघणं हे आहे. कुलूप तुटलेलं असेल किंवा क्रमांक जुळत नसेल तर दार उघडायचं नाही, बाँड ऑफिसरला, म्हणजे गोदामावर नेमलेल्या कस्टम्स अधिकाऱ्याला, कळवायचं. पावसाळ्यात चिखलाने माखलेल्या सीलवर इंग्रजी बी आणि आठचा आकडा सारखेच दिसतात. ड्रायव्हर घाईत असतो, गेटवरचा मुलगा 'बरोबर आहे' म्हणून सही ठोकतो, आणि खोकी कमी निघाल्यावर ती सही सगळ्यांच्या गळ्यात येते. फडक्याने सील पुसून, कापण्याआधी मोबाइलवर त्याचा आणि कंटेनर क्रमांकाचा एकत्र फोटो काढायला अर्धा मिनिट लागतो.

दार उघडल्यावर मोजणी. नग कमी-जास्त निघाले, खोकी फुटलेली वा भिजलेली निघाली, तर २४ तासांच्या आत बाँड ऑफिसरला कळवायचं असतं. हे आयातदाराने गोदामवाल्यावर सोडू नये. मोजणीला आपला माणूस उभा करावा. कारण नंतर तुटवडा दिसला तर कायदा असं धरतो की माल पूर्ण आला होता आणि आता त्याचा हिशेब लागत नाही. कलम ७२ खाली त्या न सापडणाऱ्या मालाचीही ड्युटी, व्याज आणि वर दंड वसूल होऊ शकतो. कारखान्यातूनच वीस खोकी कमी भरलेली असली तरी ते सिद्ध करायचं ओझं आपल्यावर.

मोजमापाच्या एककाचा घोळ तर वारंवार होतो. इन-बाँड बिल किलोत भरलेलं, विक्री नगांत. प्रत्येक एक्स-बाँडला नगांचं वजन काढायचं, ते दशांशात गोल करायचं; सातव्या-आठव्या खेपेला रॅकवर माल शून्य आणि सिस्टिममध्ये ११ किलो शिल्लक. ती शिल्लक आपोआप मिटत नाही. मूळ बाँड कलम ७३ खाली रद्द होऊन परत मिळायचा तर हिशेब शून्यावर यावा लागतो. माल ज्या एककात विकणार त्याच एककाची नोंद इन-बाँड बिलात, इन्व्हॉइसमध्ये आणि पॅकिंग लिस्टमध्ये पहिल्यापासून असावी. शेवटची खेप काढताना उरलेलं सगळं परिमाण उचलावं, हाताने मोजलेलं नव्हे.

दुसरा घोळ सरमिसळीचा. एकाच मॉडेलच्या मालाच्या दोन खेपा, मार्चची आणि जुलैची, शेजारीशेजारी लागतात. प्रत्येक थप्पीला बाँड क्रमांक, बिल क्रमांक आणि तारखेचं कार्ड लावलेलं हवं. प्रत्यक्षात फोर्कलिफ्टवाला पुढची थप्पी उचलतो. कागदावर मार्चचा माल गेला, जमिनीवरून जुलैचा गेला. वस्तूंना सीरियल नंबर असतील तर तपासणीत हे लगेच पकडलं जातं. याहून वाईट म्हणजे कागदावरही जुलैचं एक्स-बाँड आधी भरलेलं असतं आणि मार्चचा माल आतल्या कोपऱ्यात वर्षाकडे सरकत राहतो. आधी आलेला माल आधी काढायचा, हा किराणा दुकानातला नियम इथे दंडाच्या रकमेत मोजला जातो.

उरण-द्रोणागिरीच्या खारट दमट हवेबद्दल वेगळं लिहायला नको. जूनमध्ये लागलेला नालीदार खोक्यांचा माल भिंतीला टेकून ठेवला तर ऑगस्टमध्ये खालचे दोन थर बसतात. मालकाला बाँडमधल्या मालाची पाहणी करायचा, खराब होऊ नये म्हणून पॅकिंगची व्यवस्था करायचा, निवडायचा अधिकार कलम ६४ देतं. दर महिन्याला जाऊन बघावं. अपघाताने माल खराब झाला आणि त्यात मालकाचा निष्काळजीपणा नसेल तर कलम २२ खाली ड्युटीत सूट मागता येते. माल नष्टच झाला तर कलम २३ खाली ड्युटी माफ होऊ शकते. पण हे सगळं माल बाहेर काढण्याआधी मागायचं. ट्रक गेटबाहेर पडल्यावर दाखवलेल्या भिजक्या खोक्याला किंमत नाही. मुदतीच्या खाद्यपदार्थांचं तर सरळ आहे: ड्युटी थांबते, एक्सपायरी थांबत नाही.

विम्याबद्दल एक गैरसमज हमखास असतो. परवानाधारकाने आग, चोरी, पूर वगैरेंचा विमा राष्ट्रपतींच्या नावे काढायचा असतो, आणि तो किमान ड्युटीच्या रकमेइतका. हा विमा सरकारच्या ड्युटीसाठी आहे. आपल्या मालाच्या किमतीचा विमा आपण वेगळा काढायचा. 'गोदामाचा विमा आहे' एवढ्या तोंडी उत्तरावर ५० लाखांचा माल ठेवणारे लोक आहेत.

बाँडमध्ये असतानाच माल दुसऱ्याला विकता येतो. त्या विक्रीवर वेगळा जीएसटी नाही. घेणाऱ्याने आपला बाँड लिहून द्यायचा आणि एक्स-बाँड त्याने भरायचं. मात्र घेणाऱ्याने एक लक्षात ठेवावं: मूळ सीमाशुल्क जुन्या आयात मूल्यावर लागलं तरी आयजीएसटीसाठी, २०१८ च्या दुरुस्तीपासून, आयात मूल्य आणि शेवटच्या व्यवहाराची किंमत यांत जे जास्त ते धरतात. सौदा ठरवताना हा फरक कुणाच्या खिशातून जाणार ते लिहून घ्यावं.

आणि शेवटची तारीख, वर्षाची. पुरेसं कारण दाखवलं तर आयुक्त मुदत वाढवू शकतात, एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष. अर्ज मुदत संपण्याआधी पोचला पाहिजे, आणि वाढीव काळातही व्याज चालूच राहतं. 'बाजार मंद आहे' हे कारण लिहायला सगळ्यांत सोपं आणि ऐकून घेतलं जायला सगळ्यांत अवघड.

अर्ज केला नाही आणि माल तसाच राहिला तर काय होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये केसोराम रेयॉनच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. मुदत संपली त्या दिवशी माल गैररीत्या काढला असं मानायचं आणि दर त्या दिवशीचा लावायचा. तुम्ही चार महिन्यांनी एक्स-बाँड भरलंत आणि मधे दर उतरला, तरी उतरलेला दर तुमच्यासाठी नाही. म्हणजे मुदतीत असणाऱ्याला दर पडल्याचा जो फायदा मिळतो तो मुदत चुकवणाऱ्याचा गेला, आणि कलम ७२ ची नोटीस हातात आली. त्याच कलमाखाली अधिकारी गोदामातला तुमचा दुसराही माल अडकवून विकू शकतो. त्याच वर्षी प्रतिभा प्रोसेसर्सच्या निकालाने दुसरी बाजूही दाखवली: माल काढताना ड्युटीच शून्य असेल तर त्यावर व्याजही नाही. दोन्ही निकाल जुने झाले. गोदामांत चर्चा मात्र फक्त दुसऱ्याची ऐकू येते.

माल सोडवण्यात काही राम उरला नसेल तर त्यावरचा हक्क सोडून देता येतो. मग ड्युटी द्यावी लागत नाही, फक्त तसं माल सोडवण्याचा आदेश निघण्याआधी लेखी कळवावं लागतं. आणि त्या मालाबाबत कायदाभंगाचा ठपका नसावा. गोदामाचं भाडं त्याने चुकत नाही. हा रस्ता शेवटचा म्हणून माहीत असावा. अकराव्या महिन्यात कळला तरी चालतो, तेराव्यात कळून उपयोग नाही.

एक छोटी वाटही सांगून ठेवतो. माल सोडवायचाच आहे, होम कन्झम्प्शनचं बिल भरलेलं आहे, पण प्रयोगशाळेच्या अहवालासाठी किंवा अशाच कारणाने दोन-तीन आठवडे लागणार आहेत, तर त्यासाठी बाँडच्या फंदात पडायची गरज नाही. कलम ४९ खाली परवानगी घेऊन तीस दिवस माल गोदामात ठेवता येतो. त्याला तिप्पट बाँड लागत नाही आणि सीएफएसच्या चढत्या भाड्यातून सुटका होते.

आता संपादकांमार्फत गोदाम परवानाधारकांना आणि कस्टम्सला एक विनंती. गोदामवाल्याला दर महिन्याच्या १० तारखेच्या आत मासिक विवरण आणि त्याबरोबर 'फॉर्म बी' द्यावा लागतो. पुढच्या महिन्यात ज्याची मुदत संपतेय अशा मालाची ती यादी असते. ती जाते बाँड ऑफिसरकडे. ज्याचा माल आहे त्याला तिची प्रत पाठवायला गोदामवाल्याला कुणी अडवलेलं नाही; एका ई-मेलचं काम आहे. पण फॉर्म बी वर्षाची मुदत पाहतो, नव्वद दिवसांची नाही, आणि छोट्या व्यापाऱ्याचे पैसे जास्त गळतात ते तिथे. म्हणून माल गोदामात लागल्यावर जी पोच दिली जाते, तिच्यावरच परवानगीची तारीख, नव्वद दिवस कधी भरतात आणि वर्ष कधी भरतं, अशा तीन तारखा ठळक छापाव्यात. परवानगी ३ जूनची असेल तर '१ सप्टेंबरनंतर व्याज' एवढंच. पोच कोऱ्या छापील नमुन्यावर देणाऱ्या गोदामात रबरी शिक्का करून घेतला तरी काम भागतं.

आपला,
एक सीमाशुल्क दलाल, उरण